वुल्फचं काय झालं?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. सकाळपासून सगळे तेच सांगतायत आणि सगळं खरंच आहे. मी मात्र शाळेचं मी काय नेलं, ते सांगणार आहे. जेवण जड झालंय हे मला दिसतंय. तरी एवढं ऐका, कारण यात तुमच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सातवी अ. १९८१ साल, पावसाळा संपत आलेला. शनिवारची सकाळची शाळा आणि शेवटचा तास. आपले विज्ञानाचे सर, जे आत्ता समोर बसून माझ्याकडे चष्म्यावरून बघतायत, ते वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातात खडू नव्हता, पट्टी नव्हती. एक मोठं, पातळ, रंगीत पुस्तक होतं. मुंबईला गेले असताना फाउंटनच्या फुटपाथवरून त्यांनी ते जुनं विकत आणलं होतं. नाव होतं 'एक्सप्लोरर्स ऑन द मून'. टिनटिनचं.

आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. म्हणजे आपल्याला 'धिस इज अ कॅट'च्या थोडं पुढचं येत होतं. सर टेबलावर बसायचे, पुस्तक छातीशी धरून चित्रं आपल्याकडे करायचे आणि वाकून वाचत मराठीत सांगायचे. चित्र नीट दिसावं म्हणून मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन जमिनीवर बसायची. पान संपलं की पुस्तक बाकाबाकावरून फिरायचं. 'बोट लावू नका, डोळे लावा,' हे सरांचं वाक्य आठवतंय ना?

गंमत अशी की तो दुसरा भाग होता. पहिला भाग, 'डेस्टिनेशन मून', सरांना मिळालाच नव्हता. पुस्तक उघडलं तेव्हा रॉकेट आधीच उडालेलं. ते कुठे बांधलं, कोणी, कशाला, काहीच माहीत नाही. सरांनी आपल्याला गृहपाठ दिला की पहिला भाग तुम्ही लिहा. कुणाचं रॉकेट साखर कारखान्याच्या बॉयलरपासून तयार झालं होतं. एकीने लिहिलं होतं की ते दोन सारखे दिसणारे मिशीवाले गुप्तहेर कलेक्टर कचेरीतून तपासणीला आले होते आणि चहा येईपर्यंत थांबले म्हणून आत अडकले. ती आज तहसीलदार म्हणून निवृत्त व्हायच्या बेतात आहे, तिला विचारा.

खरं कारण तिच्या कल्पनेपेक्षा फार वेगळं नाही. रॉकेट रात्री १ वाजून ३४ मिनिटांनी सुटणार होतं. थॉमसन आणि थॉम्पसन यांना वाटलं, दुपारी. म्हणून ते निवांत आत फिरत राहिले आणि चंद्राला निघाले.

कॅप्टन हॅडॉकचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो रागावला की जगातल्या सगळ्या प्राण्यांची, जमातींची आणि जुन्या सरदारांची नावं शिव्या म्हणून वापरतो. सरांपुढे पेच होता, वर्गात शिव्या कशा द्यायच्या? त्यांनी मराठीत नव्या घडवल्या. 'अरे शेवाळखाऊ गोगलगायी!' 'अरे बिनबुडाच्या घंगाळा!' महिनाभर मधल्या सुट्टीत मैदानावर दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आणि व्हिस्की. कॅप्टनने खगोलशास्त्राची जाडजूड पुस्तकं आतून पोखरून त्यात बाटल्या लपवलेल्या असतात. सरांनी आपल्याला सांगितलं, खोकल्याचं औषध. आपण सातवीत होतो, विश्वास ठेवला. मला आपलं वाटायचं, बिचाऱ्याला एवढा खोकला, आणि रॉकेटमध्ये बसवलं कशाला? पुढे कॉलेजात गेल्यावर मला तो खोकला कळला.

त्या औषधानेच आपल्याला विज्ञानाचा एक धडा शिकवला. गुप्तहेरांच्या धांदरटपणामुळे इंजिन बंद पडतं आणि रॉकेटमधलं सगळं तरंगायला लागतं. ग्लासमधलं औषध ग्लास सोडतं आणि हवेत त्याचा गोळा होतो. कॅप्टन तोंड उघडून त्या गोळ्याच्या मागे. आपण हसून हसून बाकांखाली गेलो. सरांनी हसू दिलं आणि मग विचारलं, 'गोळाच का? चौकोन का नाही?' पुढच्या शनिवारी त्यांनी प्रयोगशाळेतून चंचुपात्र आणलं. त्यात पाणी आणि स्पिरिट. थोडं पाणी, थोडं स्पिरिट असं घालत घालत प्रमाण जमवलं, आणि ड्रॉपरने मधोमध शेंगदाण्याचं तेल सोडलं. तेल वर आलं नाही, खाली बसलं नाही. मधल्यामध्ये एक गोल, पिवळा, स्वच्छ गोळा होऊन थांबलं. वर्ग चिडीचूप.

द्रवाचा पृष्ठभाग स्वतःला आक्रसून घेतो आणि सगळ्यात कमी पृष्ठभाग गोलाचा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो ते आजतागायत विसरलेलो नाही. खूप वर्षांनी मला कळलं की हा प्रयोग एकोणिसाव्या शतकात जोसेफ प्लॅटो नावाच्या शास्त्रज्ञाने केला होता, आणि तो होता बेल्जियमचा. टिनटिनचा चित्रकार हर्जे, म्हणजे जॉर्ज रेमी, तोही बेल्जियमचाच. आपल्या वर्गात ते दोघे एका चंचुपात्रात भेटले.

हे पुस्तक किती जुनं आहे, याचा तेव्हा आपण विचारच केला नव्हता. ही गोष्ट बेल्जियमच्या 'टिनटिन' साप्ताहिकात १९५० साली सुरू झाली आणि १९५३ मध्ये संपली. पहिला स्पुटनिक उडाला १९५७ मध्ये, गागारिन गेला १९६१ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. म्हणजे हर्जेने चंद्रावरची पावलं काढली तेव्हा अवकाशात माणसाने सोडलेला एकही उपग्रह फिरत नव्हता. त्याने अंतराळप्रवासावरचे ग्रंथ वाचले, जाणकारांना विचारलं, रॉकेटची आतून-बाहेरून प्रतिकृती करवून घेतली, कारण कुठल्या मजल्यावरची शिडी कुठे येते हे प्रत्येक चित्रात बरोबर असायला हवं होतं. विनोदी पुस्तक काढणाऱ्या माणसाने एवढी मेहनत घ्यावी, याचं मला अजून कौतुक वाटतं.

चुका आहेतच. कॅप्टन औषध जास्त झाल्यावर घरी जायला म्हणून रॉकेटच्या बाहेर पडतो आणि ॲडोनिस नावाच्या लघुग्रहाभोवती फिरायला लागतो. ॲडोनिस खरा आहे, १९३६ मध्ये बेल्जियमच्याच खगोलशास्त्रज्ञाने शोधलेला. पण तो एवढा लहान आहे की त्याची ओढ अगदीच नाममात्र. चंद्रावरचे डोंगर पुस्तकात टोकदार आहेत, खरे डोंगर झिजून गोलसर झालेत. आणि पुस्तकात टिनटिनला चंद्राच्या गुहेत बर्फ सापडतो. तेव्हा सरांनी वाचन थांबवून सांगितलं होतं, 'ही मात्र कल्पना. चंद्र कोरडा ठणठणीत आहे.' आपण वहीत लिहून घेतलं होतं.

आता मुद्द्यावर येतो.

रॉकेटमध्ये चार माणसं जायची होती. टिनटिन, कॅप्टन, प्रोफेसर कॅल्क्युलस आणि त्यांचा सहायक फ्रँक वुल्फ. प्राणवायू चौघांपुरता. मग निघाले दोन गुप्तहेर. मग निघाला चोरून लपलेला एक खलनायक. सरांनी लगेच फळ्यावर त्रैराशिक मांडलं : चार माणसांना चौदा दिवस पुरणारा प्राणवायू सात माणसांना किती दिवस पुरेल? उत्तर आठ, सगळ्यांत आधी कुणी दिलं, आठवतं? आपल्या पुस्तकमंत्र्याने.

पुस्तकमंत्री म्हणजे वर्गाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असायची तो. त्याचं नाव मी घेत नाही, त्याने तशी अट घातली आहे. तिसऱ्या रांगेत खांबाआड बसलाय. त्याच्या घरी पाठ्यपुस्तकांशिवाय एकही पुस्तक नव्हतं. शाळा सात वाजता, हा साडेसहाला यायचा. कपाट उघडायचं आणि घंटा होईपर्यंत वाचायचं. ती किल्ली त्याने करगोट्याला बांधलेली होती.

मग कळलं की वुल्फ फितूर आहे. जुगारात कर्ज झालेलं, त्यावरून त्याला धमकावून त्याच्याकडून माहिती काढून घेतलेली, आणि त्या खलनायकाला त्यानेच आत घेतलेलं. आपला वर्ग खवळला. 'सर, त्याला चंद्रावरच सोडा!' असं मी स्वतः ओरडलो होतो. कॅप्टनचंही तेच मत होतं. टिनटिन ऐकत नाही. प्राणवायू कमी असूनही सगळ्यांना परत न्यायचं ठरतं. वाटेत झटापट होते, खलनायक स्वतःच्याच पिस्तुलाने मरतो. उरतात सहा जण, आणि हवा तेवढ्यांना पुरणारी नाही. तिथे शनिवारचा तास संपला.

मला आठवडाभर दम निघाला नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत पुस्तकमंत्री डबा खायला गेला, कपाट उघडं होतं. मी पुस्तक काढलं आणि पुढची पानं उलटली. एका पानावर पत्र होतं. वुल्फचं. चित्रावरून एवढंच कळलं की काहीतरी भयंकर झालंय. शब्द कळेनात. माझी ताई तेव्हा दहावीत होती, तिच्याकडे डिक्शनरी होती. पान शिवणीतून सुटत आलं होतं. मी ओढलं. शर्टच्या आत घातलं.

ठरवलं होतं की रात्री वाचायचं आणि सकाळी परत ठेवायचं. रात्री ताईने शब्द शोधून दिले. सकाळी शाळेची घाई, पान ताईच्या डिक्शनरीत राहिलं, आणि डिक्शनरी ताईच्या दप्तरात, दुसऱ्या शाळेत.

शेवटच्या तासाला सरांनी पान उलटलं. थांबले. मागे गेले, पुढे गेले. विचारलं, 'पान कुणी घेतलं?' कोणी बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. सर रागावले नाहीत. म्हणाले, 'वुल्फचं काय झालं ते मला माहीत आहे, कारण मी पुस्तक वाचलंय. आणि तुमच्यापैकी एकाला माहीत आहे. मी सांगणार नाही. ज्याच्याकडे पान आहे त्यानेच सांगायचं. तोवर गोष्ट बंद.'

तेव्हा पुस्तकमंत्री उभा राहिला. म्हणाला, 'सर, कपाट मी उघडं टाकलं. चूक माझी. किल्ली घ्या, पण गोष्ट बंद करू नका.' आणि करगोट्याची गाठ सोडायला लागला. ती सुटेना. दाताने सोडवली. किल्ली टेबलावर ठेवली.

सरांनी त्याच्याकडे बघितलं, किल्ली उचलली आणि ते पान वगळून पुढची गोष्ट सांगितली. रॉकेट पृथ्वीवर उतरतं, सगळे बेशुद्ध, कॅप्टन काही केल्या उठत नाही, आणि डॉक्टरांच्या तोंडी 'औषध' शब्द येताच टुणकन उठतो. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मला हसता येत होतं, याची आज लाज वाटते.

सोमवारपासून पुस्तकमंत्री सात वाजता यायला लागला.

मी सांगितलं का नाही? पहिल्या दिवशी भीती होती. दुसऱ्या दिवशी 'काल का नाही सांगितलं' याची भीती होती. पुढे ती भीती वाढतच गेली, व्याजासारखी. मी बँकेत नोकरी केली आहे, चक्रवाढ मला कळतं.

आणि तुम्ही त्याचा विनोद केलात. कोणी गैरहजर असलं की हजेरीला मागून आवाज यायचा, 'वुल्फबरोबर गेलाय सर!' ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हाही नाक्यावर कोणीतरी म्हणालं, वुल्फ दिसला तर विचारा म्हणावं. तुमच्यापैकी काहींनी पुढे ते पुस्तक वाचलं असेल, मुलांना आणून दिलं असेल. त्यांना उत्तर माहीत असणार. पण विनोद चालू राहिला.

२००९ मध्ये बातमी आली की आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांना चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्या. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, 'म्हणजे मी सातवी अ ला चुकीचं सांगितलं. तुझ्या वहीत दुरुस्त करून घे आणि बाकीच्यांनाही कळव.' अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य, आणि तेही त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे बरोबर होतं. ते सरांनी एका मिनिटात दुरुस्त केलं. मी फोन ठेवला आणि माझं वाक्य पुन्हा गिळलं.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला संदेश आला, 'आता वुल्फला शोधा.' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुस्तकमंत्र्याचाही एक हसरा चेहरा त्यात होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी इथे यायला आणखी एक वर्ष घेतलं.

पंधरा दिवसांपूर्वी मी त्याच्या दुकानात गेलो. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, बाजारपेठेत. तो तांब्याची तार गुंडाळत होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्याने तार खाली ठेवली नाही. वेढे मोजून संपवले, गाठ मारली, मग म्हणाला, 'तूच असशील असं वाटलं होतं. त्या शनिवारी तू एकटाच सरांकडे न बघता माझ्याकडे बघत होतास.' मी माफी मागायला लागलो तर त्याने हात वर केला. 'ते राहू दे. त्रेचाळीस वर्षं थांबलोय. वुल्फचं काय झालं ते सांग.'

त्याने पुस्तक कधी मिळवलं नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं. सर म्हणाले होते ना, ज्याच्याकडे पान आहे त्यानेच सांगायचं. म्हणून तो थांबला होता.

मी त्याला सांगितलं. आता तुम्हाला सांगतो.

सगळे झोपलेले असताना वुल्फ पत्र लिहून ठेवतो. माझ्या जाण्याने तुम्हाला हवा पुरेल आणि तुम्ही पोहोचाल, मी केलं त्याबद्दल क्षमा करा, अशा अर्थाचं. आणि दार उघडून अंतराळात निघून जातो. एवढंच. ज्याला मी चंद्रावर सोडा म्हणत होतो, त्याच्यामुळे ते सगळे परत येतात. कॅप्टन, जो पानोपानी ओरडतो, तोही ते वाचून हळहळतो. हर्जेलाही हे पान सोपं गेलं नव्हतं. आत्महत्या दाखवल्याबद्दल आक्षेप येतील म्हणून पत्रात जगण्याच्या अंधुक आशेचं एक वाक्य घालावं लागलं, आणि ते घातल्याची त्याला पुढे खंत होती. एवढ्या हसवणाऱ्या पुस्तकात हे एक पान आहे. मला वाटतं, आधीच्या पानांवर आपण त्या सगळ्यांबरोबर मनापासून हसलेलो असतो, म्हणूनच ते सोसतं.

बारा वर्षांचा असताना रात्री ताईच्या शेजारी बसून मी ते वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात एक मुलगा उठून आपली किल्ली सोडून देताना पाहिला. सगळ्यांची गोष्ट चालू राहावी म्हणून. त्या दोन गोष्टी जुळतात हे त्या वर्गात फक्त मला कळत होतं. फितूर मी होतो. दाराबाहेर गेला तो.

दुकानात हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'चांगला होता की रे वुल्फ. आपण उगीच हसलो इतकी वर्षं.' आणि चहा मागवला.

सर, हे ते पान. ताईच्या डिक्शनरीत होतं, मग माझ्या पासबुकांच्या फाइलमध्ये. थोडं पिवळं झालंय. आणि ही शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन्ही भागांची नवी पुस्तकं. पहिला भागही आहे, म्हणजे आता कोणाला साखर कारखान्याचा बॉयलर वापरावा लागणार नाही. मुख्याध्यापक सरांना एक विनंती आहे. नोंदवहीत ही पुस्तकं नेणाऱ्यांत पहिलं नाव आमच्या पुस्तकमंत्र्याचं लिहा. परत करायची तारीख घालू नका.

खांबाआडून बाहेर ये रे आता. सर बोलावतायत.